‘मेलो परत!’ : शनिवारच्या गेम-गटाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कागदावर काय ठरलं ते आजच लिहून ठेवते, कारण दोन महिन्यांनी आम्ही सगळे ते वेगवेगळं आठवणार. दहा शनिवार, प्रत्येकी दीड तास. तेरा ते सतरा वयाची आठ मुलं, एक खोली, चार स्क्रीन, आठ कंट्रोलर. काही मुलं आमच्याकडे समुपदेशनाला येतात, काहींना शिक्षकांनी पाठवलंय, एक मुलगी आपणहून आली आहे. हा उपचार नाही, हे पालकांच्या पत्रात पहिल्याच ओळीत आहे. ज्यांची औषधं किंवा थेरपी चालू आहे, त्यांची ती तशीच चालू राहील. गुप्ततेचा नियम मुलांना असा सांगायचा: इथलं बोलणं इथेच राहील. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन, मग बाकीच्यांना.

आम्ही तिघं. मी समुपदेशक, एक गेम प्रोग्रॅमर, आणि पंधरवड्यातून एकदा देखरेखीला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर. प्रोग्रॅमरला स्वतःचा गेम बनवायचा आहे. मला तयार गेम घेऊन आठ मुलं एकत्र बसवायची आहेत. शेवटी दोन्ही करायचं ठरलं, म्हणजे भांडण पुढे ढकललं.

९ जानेवारी

दोन दिवस वाचन, मनाच्या आरोग्यासाठी वापरलेल्या गेमांबद्दल. न्यूझीलंडचा ‘स्पार्क्स’ हा या घरातला थोरला. ऑकलंड विद्यापीठात सॅली मेरी यांच्या गटाने किशोरवयीन मुलांच्या नैराश्यासाठी बनवला. खेळणारा एक पात्र घेऊन काल्पनिक जगात शिरतो, अंगावर येणाऱ्या उदास विचारांची चिलटं टिपतो, आणि त्या ओघात कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीतली (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारातली) तंत्रं शिकतो. असे सात भाग. २०१२ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. १२ ते १९ वयाच्या १८७ मुलांमध्ये हा गेम नेहमीच्या समुपदेशनाच्या मानाने कमी पडला नाही. त्या चाचणीत ६० टक्के मुलांनी सातही भाग पुरे केले होते. पुढे २०१४ पासून तो देशभर खुला झाला, आणि शेवटपर्यंत जाणारे फारच थोडे निघाले. गेम तोच होता. माझा अंदाज असा की चाचणीत ‘कुठवर आलास?’ असं विचारणारं कुणीतरी होतं.

प्रोग्रॅमरचं हुकमी पान म्हणजे ‘एंडेव्हरआरएक्स’. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली: ८ ते १२ वयाच्या, लक्ष न लागण्याचा त्रास (एडीएचडी) असलेल्या मुलांसाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा पहिला व्हिडिओ गेम. रोज २५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, ४ आठवडे. तो मोठ्या उत्साहाने सांगत होता, मी शोधनिबंधाचा तक्ता काढून बसले. ३४८ मुलांच्या त्या चाचणीत संगणकावरच्या लक्षाच्या परीक्षेत फरक दिसला. पालकांनी नोंदवलेली लक्षणं मात्र हा गेम खेळणाऱ्या आणि तुलनेसाठी दुसरा गेम दिलेल्या अशा दोन्ही गटांत सुधारली होती. ‘म्हणजे उपयोग नाही?’ ‘म्हणजे कशाचा उपयोग, ते नीट बोलू या.’

टेट्रिसचा अभ्यास मला जास्त आवडला, कारण त्यात बढाई नाही. २०१७ चा, अपघातानंतर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या ७१ लोकांवरचा. अपघाताची आठवण जागी करून मग टेट्रिस खेळायला दिलं, तर पहिल्या आठवड्यात नको असताना डोळ्यांपुढे येणारी दृश्यं तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होती. ठोकळे फिरवताना डोक्यातला चित्रांचा फळा भरलेला राहतो, त्यामुळे आठवणीचं चित्र तितकं पक्कं बसत नाही, अशी त्यामागची कल्पना.

एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी चालल्या आहेत, एवढं ध्यानात आलं. गेममध्ये ओतलेली थेरपी, औषधासारखा मोजून दिलेला गेम, आणि साधा गेम माणसांबरोबर खेळणं. आपण तिसरं करतोय.

११ जानेवारी, पहिलं सेशन

नोंदीत नावं नकोत म्हणून कंट्रोलरना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. यापुढे मुलं म्हणजे लाल, निळा, हिरवी, पिवळा, जांभळी, पांढरा, काळा आणि केशरी.

आधी डब्ल्यूएचओ-५ भरून घेतलं, म्हणजे मन कसं आहे ते विचारणारी जागतिक आरोग्य संघटनेची छोटी प्रश्नावली. पाच वाक्यं, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची: मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच, बेरजेला चारने गुणायचं, ५० किंवा खाली आलं तर जास्त विचारपूस करायची. काळ्याने सगळीकडे तीन लिहून कागद अर्ध्या मिनिटात परत दिला. जांभळीने झोपेच्या वाक्यावर इतका वेळ पेन टेकवलं की कागदावर शाईचा ठिपका पसरला, मग शून्य.

खेळ सुरूच होईना. चारही मशीन अपडेट मागत होती. टक्क्यांची पट्टी ११ वर अडकली, प्रोग्रॅमर घामाघूम. चाळीस मिनिटं आठ अनोळखी मुलं आणि मी त्या पट्टीकडे बघत बसलो. बाराव्या टक्क्याला लाल म्हणाला, ‘आमच्याकडे पण असंच होतं, मग मी भावाशी भांडतो.’ तेराव्याला केशरी म्हणाली, तिला भाऊ आहे पण तो आता वेगळा राहतो. पट्टी ४० वर गेली तेव्हा पाच जण बोलत होते. गेम सुरू झाला आणि सगळे गप्प.

१८ जानेवारी

आमचा श्वासाचा गेम आज पडला. कल्पना बरी होती: माईकसमोर हळू, लांब श्वास सोडला की पडद्यावरची होडी पुढे सरकते. पटापट सोडला तर थांबते. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके जरा मंदावतात, तेवढं शास्त्र त्यामागे आहे. नेदरलँड्समध्ये इझाबेला ग्रॅनिक यांच्या गटाचा ‘माइंडलाइट’ यापेक्षा किती तरी पुढचा: डोक्याला पट्टा, आणि मूल शांत होत गेलं की अंधाऱ्या घरात त्याच्याभोवतीचा उजेड वाढत जातो.

आमच्याकडे पांढऱ्याने पाच मिनिटांत शोध लावला की माईकवर बोट हळू घासलं तरी होडी सुसाट जाते. दहाव्या मिनिटाला आठही जण बोटं घासत होते आणि पिवळ्याचा उच्चांक झाला. हिरवी तेवढी खरोखर श्वास सोडत होती, पण शर्यत जिंकायची म्हणून इतक्या जोरात की तिला गरगरलं. शांत व्हायच्या गेमने मुलीला चक्कर आणली! प्रत्येक किनाऱ्याला ‘शाब्बास! तू खूप छान करतोयस!’ अशी पाटी येत होती. तिसऱ्या पाटीला काळ्याने विचारलं, ‘ताई, हे शाळेचं आहे का?’

प्रोग्रॅमर घरी जाताना माझ्याशी बोलला नाही.

२१ जानेवारी

गुण काढले. घड्याळ काढलं. ‘शाब्बास’ काढलं, ते काढताना दोघांनाही बरं वाटलं. माईकही काढला. आता होडी आपल्याच लयीत पुढे-मागे होते, तिच्याबरोबर श्वास घ्या नाहीतर नका घेऊ. प्रोग्रॅमरचं म्हणणं, ‘मग हा गेम कुठे राहिला?’ खरं आहे.

२५ जानेवारी

गेम मुलांनी निवडले. मी ‘मानसिक आरोग्यासाठी चांगले’ अशी यादी करून नेली होती, ती बॅगेतून काढलीच नाही. त्यांनी एक फुटबॉलचा, एक गाड्यांचा, ठोकळ्यांनी बांधकाम करायचा माइनक्राफ्ट, आणि हिरवीच्या आग्रहावरून ‘सेलेस्ट’ घेतला. २०१८ चा गेम. मॅडलीन नावाची मुलगी एक डोंगर चढते आणि वाटेत तिची स्वतःचीच एक काळवंडलेली छाया तिला छळते. एका ठिकाणी तिला पॅनिक अटॅक येतो, तेव्हा पडद्यावर एक पीस दिसतं आणि ते श्वासाच्या लयीत तरंगत ठेवायचं असतं. म्हणजे आम्ही होडीत जे करू पाहत होतो तेच. फरक असा की तिथवर पोचेपर्यंत मूल त्या मुलीबरोबर कित्येकदा पडलेलं असतं, तिच्यासाठी पीस सांभाळायला त्याचं मन तयार असतं. प्रोग्रॅमरने ते दृश्य तीनदा बघितलं आणि म्हणाला, ‘आपण होडी आधी दिली, वादळ दिलंच नाही.’

१ फेब्रुवारी

आज फक्त एका शब्दाबद्दल. ‘मेलो.’

दीड तासात मी ४७ पर्यंत मोजला, मग सोडून दिलं. ‘मेलो परत!’ ‘अरे मर ना लवकर, माझी पाळी आहे.’ ‘मेले, मेले, मेले!’ पहिल्या शनिवारी हा शब्द ऐकून माझं काळीज हललं होतं. माझ्या कामात तो शब्द कानावर आला की सगळी कामं बाजूला ठेवायची असतात. इथे तो शिंकेसारखा येतो. ‘सेलेस्ट’मध्ये तर मेल्याचा आकडा मोजून दाखवतात आणि वर एक पोस्टकार्ड येतं की या आकड्याचा अभिमान बाळग, जितकं मरशील तितकं शिकतेयस. जांभळी ३१२ वर आहे आणि ते सगळ्यांना ऐकवते. हीच मुलगी वर्गात उत्तर चुकेल म्हणून वर्षभर हात वर करत नाही, असं तिच्या शिक्षकांच्या पत्रात आहे. ३१२ वेळा सगळ्यांसमोर चुकून परत उभी राहते, तेही हसत. हे वर्गात जाईल का? आपोआप नाही जाणार, असं मला वाटतं. पण तिच्याशी बोलताना माझ्याकडे आता ३१२ हा आकडा आहे.

डॉक्टरांना विचारलं, शब्दाला बंदी घालायची का. ते म्हणाले, ‘अजिबात नको. तुम्ही फक्त तो म्हणायची चाल ऐका. शब्द तोच राहील, चाल बदलली की उठा.’

८ फेब्रुवारी

सेशनच्या आधी पालकसभा. पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती तास चालेल?’

सांगितलं ते असं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगसूचीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण तिथे तासांचा आकडाच नाही. बघायचं ते हे, की खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळ्याच्या वर खेळ गेलाय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे सहसा वर्षभर टिकलंय का. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ३८,९३५ खेळाडूंच्या खेळण्याची वेळ थेट गेम कंपन्यांकडून घेऊन तपासली. वेळेचा मनःस्थितीवर जवळपास काहीच परिणाम सापडला नाही. खेळावंसं वाटतं म्हणून खेळतो की खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून, याचा संबंध जास्त दिसला.

एका वडिलांना हे उत्तर पळवाटीचं वाटलं. त्यांचं पूर्ण चूक नाही. झोपेचं मी ठामपणे सांगितलं: रात्री खेळण्यात झोप गेली तर मन बिघडणारच, त्याला गेम चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. बंद पेटीतलं बक्षीस पैसे देऊन उघडायला लावणारे गेम आमच्या खोलीत नाहीत, घरीही नसावेत, हेही सांगितलं. ती जुगाराचीच तऱ्हा आहे.

शेवटी लालची आई म्हणाली, ‘त्याच्याशी बोलायला गेले की तो दार लावून घेतो.’ मी म्हटलं, एकदा गाड्यांचा गेम त्याच्याकडून शिका. त्या म्हणाल्या, ‘मला नाही हो जमणार, मी भिंतीवरच आपटेन.’ आपटा की, तेच तर हवंय.

१५ फेब्रुवारी

माइनक्राफ्ट. स्टुअर्ट डंकन या वडिलांनी २०१३ मध्ये ‘ऑटक्राफ्ट’ नावाचा सर्व्हर (एकत्र ऑनलाइन खेळायची जागा) खास ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी सुरू केला, कारण बाहेरच्या सर्व्हरवर या मुलांना छळलं जायचं. छळायचं नाही आणि दुसऱ्याचं मोडायचं नाही, हे आम्ही तिथूनच उचललं.

पिवळ्याने दार नसलेली खोली बांधली. चार भिंती, वर छप्पर, आत तो. माझ्या डोक्यात लगेच पाठ्यपुस्तक उघडलं: एकटेपण, कोंडलेपण, अमुक आणि तमुक. तोंडावर आलेला प्रश्न गिळला आणि विचारलं, ‘छपराला काच का लावलीस?’ ‘रात्री राक्षस येतात ना. दार ठेवलं तर ते फोडतात. काचेतून सकाळ झालेली कळते.’ काही वेळ वीट रचत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘घरी पण मी सकाळ व्हायची वाट बघतो.’ मी विचारलं, रात्री काय होतं. त्याने सांगितलं. ते इथे लिहिणार नाही.

समोरासमोर खुर्चीत बसवून मी या मुलाला दोन महिने हेच विचारत होते. तेव्हा तो माझ्या चपलांकडे बघायचा. इथे आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो, आणि गप्प राहिलं तरी चालत होतं, कारण हाताला काम होतं.

त्यानंतर पांढऱ्याने गंमत म्हणून त्याची भिंत उडवली. रडारड, ढकलाढकली, माझा अर्धा तास. दोघांनी मिळून परत बांधली, पण पांढऱ्याने मनापासून बांधली असं म्हणवत नाही.

२२ फेब्रुवारी

थोडक्यात लिहिते.

निळा गाड्यांचा गेम खेळत होता. गाडी कड्यावरून गेली. ‘मेलो’, तो म्हणाला, आणि मग हळूच, ‘इथे निदान परत सुरू होतं.’ चाल वेगळी होती.

फेरी संपू दिली. म्हटलं, जरा बाहेर ये. बाहेर सरळ विचारलं, ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही, हे प्रशिक्षणात कितीदा शिकलेय, तरी घसा कोरडा पडला. तो म्हणाला, ‘कधी कधी.’ किती दिवसांपासून, काही ठरवलंय का, आज कसं आहे, सगळं विचारलं. मग ठरलेला नियम त्याला सांगितला: हे मी आई-बाबांना आणि डॉक्टरांना सांगणार आहे, आत्ताच, आणि तू इथे असतानाच सांगणार आहे. तो चिडला नाही. म्हणाला, ‘माझा गेम सेव्ह करून ठेवा.’

पालक येईपर्यंत मी त्याच्याजवळून हलले नाही. बाकीच्या सात जणांना प्रोग्रॅमरने सांभाळलं. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बघितलं.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरांबरोबर बैठक. निळ्यावर नियमित उपचार सुरू झालेत. घरात काय काळजी घ्यायची ते पालकांना समजावलंय. गटात यायचं की नाही ते तो आणि डॉक्टर ठरवतील.

आमची एक चूक दिसली. माझ्याजागी दुसरं कुणी मोठं माणूस त्या खोलीत असायला हवं होतं. प्रोग्रॅमर ऐनवेळी उभा राहिला, पण ते त्याचं काम नाही आणि त्याला कुणी शिकवलेलंही नाही. पुढच्या शनिवारपासून दोन समुपदेशक. हे पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

१ मार्च

परीक्षा तोंडावर, तिघंच आली. फुटबॉल. मी गोल खाल्ले. नोंदण्यासारखं काही नाही.

८ मार्च

निळा आला. कुणी काही विचारलं नाही, लालने फक्त कंट्रोलर त्याच्याकडे सरकवला. गेम सेव्ह केलेला होता.

होडीची बातमी: हिरवीने ती घरी नेली होती. परीक्षेच्या आधी आवाज बंद करून पाच मिनिटं बघत बसते, म्हणाली. प्रोग्रॅमर एकदम ताठ बसला. ‘आवडला का मग?’ ‘नाही दादा, खूप कंटाळवाणा आहे. म्हणूनच बघते. दुसरं काही उघडलं की मी त्यातच राहते.’ ही स्तुती आहे की नाही, यावर तो अजून विचार करतोय.

१५ मार्च, दहावं सेशन

डब्ल्यूएचओ-५ परत भरलं. पाच जणांचे आकडे वर, दोघांचे तसेच, एकाचा खाली. अहवालात हे ‘सुधारणा’ म्हणून द्यावं असा आग्रह होतो आहे. देणार नाही. आठ मुलं, तुलनेला गट नाही, मधे परीक्षा, निळ्यावर वेगळे उपचार. या आकड्यांतून काही सिद्ध होत नाही. जांभळीच्या झोपेच्या वाक्यावर या वेळी दोन होते. काळ्याने पुन्हा सगळीकडे तीन लिहिले, पण खाली पेन्सिलने एक ओळ: ‘पुढचा गट कधी?’

लालची आई भिंतीवर सव्वीस वेळा आपटली, असं तो कौतुकाने सांगत होता. एकदा तर ती उलट्या दिशेने शर्यत पूर्ण करायला निघाली होती म्हणे.

कंट्रोलरच्या पट्ट्या काढताना निळ्याने आपली काढू दिली नाही. राहू दे.

आवराआवर करताना प्रोग्रॅमरने विचारलं, पुढच्या गटासाठी चारही मशीन आदल्या रात्री अपडेट करून ठेवू का. तीन कर म्हटलं. चौथं राहू दे तसंच.